दुसऱ्यांदा विचारणारे व्याही

ज्याच्याशी सौदा होऊच शकत नाही असा एकच माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मी उरणच्या बाजूचा, मिठागरात पाय पोळून घेत वाढलेला माणूस. आज न्हावा शेवाच्या बंदरातून कंटेनर वाहणारे माझे ट्रेलर रस्त्यावर आहेत ते कुणाच्या मेहेरबानीने नाहीत, या जिभेच्या जोरावर आहेत. टायरवाला, डिझेलवाला, गोदामाचा मालक यांच्याशी तर मी भाव करतोच. पण एकदा दाढ काढताना तोंडात कापूस असतानासुद्धा मी नुसत्या बोटांनी खुणा करून डॉक्टरला त्याची फी खाली आणायला लावली होती. सौद्याचं शास्त्र सोपं आहे. समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं आणि आपल्याला काय हवंय ते त्याला कळू द्यायचं नाही. आता ज्याला काही नकोच असतं त्याच्यापुढे या शास्त्राने काय करावं? आमच्या व्याह्यांना माणसाकडून फक्त त्याची गोष्ट हवी असते. ती कुणाचीही चालते. आणि ती काढून घेण्यासाठी ते समोर असे काही मांडी घालून बसतात की माणूस फुकटात देऊन मोकळा होतो. माझ्या घरातली एक गोष्ट त्यांनी अशीच फुकटात नेली, आणि तो माझा त्यांच्यावर राग आहे. त्या रागाचं पुढे सांगतो. आधी माणूस सांगतो.

व्याही श्रीवर्धनचे. मागे सुपारीची वाडी, पुढे ओटी आणि ओटीवर टीव्ही. जन्मभर पोस्टात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर या वयाची माणसं देवळाच्या कमिटीवर जातात किंवा आपल्या गुडघ्यांवर बोलत बसतात. यांनी व्हिडिओ गेम धरले. आमच्या जावयाने पुण्याला गेमचं नवीन यंत्र घेतलं तेव्हा जुनं घरी आणून टाकलं. विहीणबाईंनी त्यावर भरतकामाचा रुमाल घालून वर फुलदाणी ठेवली होती. एकदा केबल चार दिवस बंद पडली म्हणून यांनी फुलदाणी उतरवून ते यंत्र चालू केलं, ते आज त्यांच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत चालूच आहे. लोकांना वाटतं म्हातारा दिवसभर गोळ्या झाडतो. मलाही तेच वाटलं होतं. पण मुलीच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पडद्यावर एक तलवारवाला तरुण बाजारात उभा होता आणि आमचे व्याही त्याला एकेका दुकानापुढे नेऊन लोकांशी बोलायला लावत होते. मागे राजवाड्याला आग लागली होती. धुराचे लोट निघत होते.

"अहो, तिकडे जळतंय ना," मी म्हणालो.

"जळू दे. ह्या कुंभाराचं बोलणं अर्धं राहिलंय," व्याही म्हणाले.

गेममध्ये गोष्ट असते हे मला तोवर माहीतच नव्हतं. म्हणजे माझ्या ड्रायव्हर लोकांच्या मोबाइलवर जे चालतं त्यात पळणं असतं, मारणं असतं, आणि मेल्यावर पुन्हा पळणं असतं. व्याही म्हणाले, ते वेगळं. हे जे असतं त्यात गाव असतं, गावात माणसं असतात, त्या प्रत्येकाच्या तोंडी कुणीतरी बसून वाक्यं लिहिलेली असतात, आणि बहुतेक खेळणारे ती वाक्यं बटण दाबून पुढे ढकलतात. याचा त्यांना फार राग येतो. त्यांच्या मते वाक्यं ढकलून खेळणारा माणूस म्हणजे लग्नाला येऊन नवरा-नवरीकडे न बघता थेट पंगतीत बसणारा. सगळं इंग्रजीत असतं. व्याही ते मोठ्याने मराठीत करून वाचतात, विहीणबाई शेजारी वाल सोलत ऐकतात. राजाला व्याही पुस्तकी मराठी देतात, पहारेकऱ्याला म्हसळ्याच्या बाजूची, आणि खलनायकाचा आवाज त्यांच्या जुन्या पोस्टमास्तरचा असतो. विहीणबाईंनी जन्मात कंट्रोलर हातात धरलेला नाही, पण गेममधल्या लोहाराच्या मुलीचं पुढे काय झालं हे त्यांना तोंडपाठ असतं. एकदा एका पहारेकऱ्याला मारल्याशिवाय दार उघडत नव्हतं. विहीणबाई म्हणाल्या, "त्याच्या मुलीचं लग्न आहे, कालच नाही का सांगत होता?" झालं. दुसरा रस्ता सापडेपर्यंत नायक अकरा दिवस त्या दाराबाहेर बसून राहिला.

या खेळांतून व्याह्यांनी एक नियम काढला आहे आणि तो ते सगळ्या जगाला लावतात. त्यांचं म्हणणं असं, की गेममधला माणूस पहिल्यांदा बोललं की ठरलेलं वाक्य बोलतो. 'आज वारा फार आहे.' 'उत्तरेला जाऊ नको.' बहुतेक लोक तेवढं ऐकून निघतात. पण वळून पुन्हा त्याच माणसापाशी गेलं, की तो दुसरं वाक्य बोलतो, आणि खरी गोष्ट त्या दुसऱ्या वाक्यात असते. तेव्हा माणसाला कायम दोनदा विचारायचं. दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीची तिकिटं देणारा एक घुम्या गृहस्थ आहे. त्याच्या तोंडून 'सुट्टे द्या' याखेरीज शब्द निघालेला कुणी ऐकलेला नाही. व्याह्यांनी त्याला "कसं काय चाललंय?" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बरं हाय." व्याही चार पावलं गेले, परत आले, आणि म्हणाले, "कसं काय चाललंय?" मागे गाड्यांची रांग लागलेली, त्यातली पहिली गाडी माझी. मी हॉर्न वाजवत होतो. तो गृहस्थ आधी त्यांच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बरं न्हाय, काका." आणि त्याच्या भावाने घराच्या मधोमध भिंत घातली इथपासून जी सुरुवात झाली, त्यात आमची बोट सुटली. बोट सुटली याचं व्याह्यांना काही नाही. "भिंत कोणत्या बाजूने घातली ते राहिलं विचारायचं," असं मात्र ते मुरुडपर्यंत म्हणत होते.

मुलीचं लग्न ठरवायला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला हा नियम माहीत नव्हता. मी मुलीचा बाप. आदल्या दिवसापासून तयारी करून गेलो होतो. ते मानपानाचं काय मागतील, मी काय नाकारीन, कुठे उठून चपला घालीन, कुठे बायको मला परत बसवील, सगळं बसवलेलं होतं. पोहे आले, चहा आला, मागणी काही येईना. शेवटी व्याही पुढे वाकून म्हणाले, "तुम्ही या धंद्यात कसे आलात?" मी माझं नेहमीचं सांगितलं. मेहनत, जिद्द, पहिला जुना ट्रक, देवाची कृपा. रोटरीवाल्यांनी बोलावलं तेव्हा हेच सांगितलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. व्याह्यांनी मान डोलावली. मग वाडी दाखवली, विहीर दाखवली, आणि विहिरीच्या काठावर उभे असताना पुन्हा म्हणाले, "पण धंद्यात आलात कसे?" माझं डोकं सणकलं. म्हटलं, "एकदा सांगितलं ना? कान गेलेत का?" मुलीचं लग्न ठरवायला आलेला बाप हे वाक्य बोलला. बायकोने कपाळाला हात लावला. व्याही शांतपणे म्हणाले, "बरं, राहू दे. अजून ओळख व्हायची आहे." आणि लग्न ठरलं. एक रुपयाची मागणी न करता ठरलं. माझी सगळी तयारी वाया गेली, आणि खरं सांगतो, त्याचंही मला वाईट वाटलं.

लग्नानंतर त्यांचे फोन सुरू झाले. या गेममध्ये ठरावीक ठिकाणी गोष्ट थांबते आणि खेळणाऱ्याला विचारते, आता काय करू? पूल वाचवू की गाव? खरं सांगू की लपवू? व्याह्यांना असले निर्णय एकट्याने घेणं पटत नाही. ते नातेवाइकांना फोन लावतात. मी बंदराच्या गेटबाहेर उभा, पुढे ट्रेलरची रांग, कागदात काहीतरी चुकलं म्हणून कारकुनाशी माझं वाजलेलं, आणि फोन. "व्याहीबुवा, वेळ आहे का? राणी तहाला तयार आहे, पण धाकटा मुलगा ओलीस ठेवा म्हणते." मी म्हणायचो, "ठेवा फोन." आणि फोन ठेवल्यावर अस्वस्थ व्हायचो. कारकुनाशी भांडताना डोक्यात राणी. पाच मिनिटांनी मीच उलट फोन करून सांगायचो, "लगेच हो म्हणू नका. तिला गरज आहे, म्हणून ती आधी बोलली. दोन दिवस भेटूच नका." एकदा तर माझ्या सल्ल्याने त्यांनी एक अख्खं बेट युद्धाशिवाय सोडवलं. विहीणबाईंनी फोनवर येऊन "तुमच्यामुळे लोहार वाचला हो," असं सांगितलं. एवढी वर्षं माल वाहतोय, माझ्यामुळे कुणी वाचल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या आणखी दोन सवयी सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचा घोटाळा त्यावरून झाला. एक म्हणजे, गेम तयार करणाऱ्या परदेशी कंपन्यांना ते पत्रं लिहितात. ई-मेल नाही, पत्र, तिकीट लावून. 'आपल्या गेममधील कोळ्याची बायको तिसऱ्या प्रकरणानंतर दिसत नाही, ती कुठे गेली, कृपया कळवावे.' उत्तर कधी आलेलं नाही. व्याही म्हणतात, जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोहोचवली, माझी पोहोचत असणारच. दुसरी सवय म्हणजे ते मागे जात नाहीत. गेममध्ये चूक झाली तर आधीच्या जागेवर जाऊन पुन्हा सुरू करता येतं, हे माझा क्लीनरसुद्धा सांगतो. व्याह्यांना ते मान्य नाही. मी एकदा म्हटलं होतं, गोष्टच हवी तर पुस्तकं वाचा, घरात कपाट भरलंय. ते म्हणाले, "पुस्तकात माझ्यावाचून सगळं घडून गेलेलं असतं. मी फक्त उशिरा पोचतो. इथे मी हात लावल्याशिवाय काही हलत नाही. म्हणजे जे होतं त्यात माझा हात असतो. आता हात असून पुसून टाकायचं म्हटलं, तर मग गोष्ट कसली राहिली?"

आता माझा राग. मी ज्या जुन्या ट्रकवर धंदा सुरू केला, तो ट्रक आला होता माझ्या वडिलांच्या होडीतून. आबा मिठागरात राबायचे आणि उरलेल्या वेळात खाडीत होडी घालायचे. होडी लहान, पण त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली. एकदा ते चार दिवस अलिबागला आत्याकडे गेले असताना मी ती किहीमच्या एका माणसाला विकली. आबांना न विचारता. विचारलं असतं तर सौदा झाला नसता, एवढं मला त्या वयातही कळत होतं. आबा परत आले, रिकाम्या जागेकडे पाहिलं, "केवऱ्याला?" म्हणाले. मी आकडा सांगितला. "भाव चांगला आला," म्हणाले, आणि जेवायला बसले. पुढे तीस-पस्तीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, या विषयावर एक शब्द नाही. फक्त दर नारळी पुनवेला ते सकाळीच निघून आत्याकडे जात. सणाच्या दिवशी त्यांना माझं तोंड बघायचं नसतं, असं मी समजून होतो. माझ्या मुलीच्या लग्नात हे आबा दोन सकाळी आमच्या ओसरीवर व्याह्यांच्या शेजारी बसलेले मी पाहिले. मी मांडववाल्याशी भांडत होतो. आबा बोलत होते. हातवारे करून बोलत होते, जे मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच वर्षी आबा गेले. तेराव्याला व्याही माझ्याजवळ बसून हळूच म्हणाले, "होडीचं ते माझ्याशी बोलले होते. सांगू का?"

मी म्हणालो, "काही गरज नाही."

का म्हणालो ते धंद्यातल्या माणसाला कळेल. ज्याची आपल्याला फार गरज आहे ती वस्तू आपण हवी म्हणून कधी मागत नाही. आणि आतून भीतीही होती. आबांनी मला शिव्या घातल्या असतील तर त्या या माणसाच्या तोंडून का ऐकाव्या? पण त्या दिवसापासून मला चैन नाही. बापाचं बोलणं माझ्या हक्काचं, आणि ते श्रीवर्धनला एका पोस्टाच्या पेन्शनराच्या डोक्यात पडून. मी ते आडवळणाने काढायला लागलो. हापूसची पेटी घेऊन गेलो, बसलो, आबांच्या आठवणी काढल्या. व्याही आंबे खाऊन "वा" म्हणाले. सुक्या मासळीतली करंदी नेली. त्यांच्या वाडीचा पंप माझ्या माणसाकडून दुरुस्त करून दिला. एकदा तर मुद्दाम होड्यांच्या किमतींवर तासभर बोललो. व्याही सगळं आनंदाने घेत होते आणि होडीचा विषय काही निघत नव्हता. दोन वर्षं हे चाललं. घरी येताना दर वेळी मी बायकोला म्हणायचो, "लबाड माणूस आहे. भाव वाढवतोय." बायको म्हणायची, "सरळ विचारा की." बायकांना सौद्यातलं काही कळत नाही.

अशाच एका फेरीत तो घोटाळा झाला. व्याही एका गेममध्ये वर्षभर गुंतले होते. किनाऱ्यावरचा एक तरुण हरवलेल्या बहिणीला शोधायला बापाची होडी घेऊन निघतो, अशी काहीतरी गोष्ट. वाडीत सुपारी उतरवणारा माणूस आला म्हणून व्याही उठले, कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जरा धरा. बोट कशाला लावू नका." मी धरून बसलो. पडद्यावर धक्का होता, धक्क्यावर एक जाड्या व्यापारी उभा होता. विहीणबाई आत होत्या. बसून बसून माझा अंगठा लागला. व्यापारी म्हणाला, होडी विकतोस का? भावापुरतं इंग्रजी मला येतं. त्याने किंमत सांगितली, ती इतकी फालतू होती की माझं रक्त तापलं. मी त्या तरुणाला उठवून चालता केला. व्यापाऱ्याने मागून हाक मारून किंमत वाढवली. पुन्हा चालता केला. पुन्हा वाढवली. तीन वेळा मी उठून गेलो, आणि तिसऱ्यांदा त्याने अशी किंमत सांगितली की जुन्या होडीचं सोडाच, नवी शिडाची बोट घेऊन वर उरलं असतं. मी हो म्हटलं. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला वाटलं व्याही खूश होतील.

ते सुपारीची सालं झटकत आले. पडद्याकडे पाहिलं. धक्क्यावरची जागा रिकामी होती. "कुणी घेतली?" त्यांनी विचारलं. मी अभिमानाने भाव सांगितला. व्याह्यांनी माझ्या हातातून कंट्रोलर घेतला, टीव्ही बंद केला, विहीणबाईंचा भरतकामाचा रुमाल शोधून यंत्रावर घातला आणि म्हणाले, "चहा घेणार?"

हे बघणं मी आधी एकदा बघितलं होतं. रिकाम्या जागेकडे बघून काही न बोलता जेवायला बसणं. माझा तोल गेला. "अहो, खेळातली होडी ती," मी ओरडलो, "त्यात लाकूडसुद्धा नाही. मागे जा, पुन्हा सुरू करा, पोरं करतात ते." व्याही म्हणाले, "करता येतं. पण ती विकली गेली होती, त्याचं काय करायचं?" मी चहा न घेता निघालो. बोटीवर गाडीतून उतरलो नाही.

त्यानंतर तीन महिने फोन नाही. आधी मी म्हटलं, बरं झालं. मग बंदराच्या गेटवर उभा असताना फोन वाजला की माझा हात आधी खिशाकडे जायला लागला. राणी नाही, पूल नाही, ओलीस नाही. ड्रायव्हर लोकांवर उगाच डाफरायला लागलो. एके दिवशी मुलीचा पुण्याहून फोन आला. "पप्पा, तुम्ही काय केलंत तिथे? बाबा गेम लावत नाहीत. आई म्हणतात, ते दिवसभर काहीतरी लिहीत बसतात. आणि काल छातीत दुखलं म्हणून डॉक्टरकडे नेलं होतं. आता बरे आहेत." आता बरे आहेत, हे वाक्य मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, की हा माणूस गेला तर आबांचं बोलणं त्याच्याबरोबर जाईल. मग लाज वाटली, की त्याच्या छातीत दुखतंय आणि मी हा विचार करतोय. मग दोन्ही विचार एकदम करत मी गाडी काढली. पेण, अलिबाग, रेवदंडा, मुरुड, कुठे चहाला थांबलो नाही. दिघीला बोटीतून गाडी उतरवली तर तो तिकीटवाला खिडकीतून बाहेर आला. "काकांकडे चाललाव? भिंत पाडली म्हनून सांगा," म्हणाला.

व्याही ओटीवर बसले होते. थोडे वाळलेले दिसले. मांडीवर पॅड, पॅडवर कागद. मी काही न नेता आलो होतो, आंबे नाहीत की करंदी नाही. समोर बसलो आणि म्हटलं, "रागावलात ना माझ्यावर?"

"तुमच्यावर?" ते म्हणाले. "छे. ह्या लोकांवर." आणि त्यांनी कागद पुढे केला. बारा पानांचं पत्र होतं, कंपनीला. त्यांनी मला उठवून टीव्हीपाशी नेलं, रुमाल काढला, यंत्र चालू केलं. धक्क्यावर तोच जाड्या व्यापारी. "विचारा त्याला होडीचं," व्याही म्हणाले. मी बटण दाबलं. व्यापारी म्हणाला, होडी गेली, सौदा पक्का होता. "आता पुन्हा विचारा." मी पुन्हा दाबलं. होडी गेली, सौदा पक्का होता. तिसऱ्यांदा दाबलं. तेच.

"बघितलंत?" व्याही म्हणाले. "एवढा मोठा समुद्र काढलाय, लाट न् लाट वेगळी आहे, आणि ज्याने बापाची होडी घेतली त्या माणसाला दुसरं वाक्य दिलेलं नाही. लिहिणाऱ्याने कंटाळा केला. म्हणजे होडी विकल्यावर पुढे काहीच नाही. असं कुठे असतं का, व्याहीबुवा? तुम्हाला तरी असं वाटतं का?"

मी कंट्रोलर खाली ठेवला. मी म्हणालो, "आबा काय बोलले होते?"

"कशाबद्दल?"

"होडीबद्दल. मला हवंय ते. दोन वर्षं झाली, मला ते हवंय."

"मग विचारलंत कुठे?" व्याही म्हणाले. "तुम्ही आंबे आणत होतात." आणि मांडी घालून बसले. "पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, 'होरी गेली तं गेली. भाव चांगला आला.' मी म्हटलं बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं. मग बोलले. तुमच्या आत्याकडे जातो म्हणून ते किहीमला जायचे. दर नारळी पुनवेला. त्या होडीला नारळ द्यायला. ज्याने घेतली होती तो चांगला माणूस होता, नारळ यांच्या हातूनच देऊ द्यायचा. आणि आबा दर वर्षी त्याला तुमच्या सौद्याची गोष्ट सांगायला लावायचे. पहिल्यापासून. मला ती त्यांनी अख्खी करून दाखवली. 'तीन येला उठून गेला पोऱ्या, तीन येला. मना यवरा भाव जल्मान आला नसता.' मांडीवर थाप मारून हसत होते."

व्याही पुढे म्हणाले, "एवढंच नाही. तो माणूस त्यांना म्हणाला होता, तुमचा मुलगा दोनदा आला. पहिल्यांदा भाव केला, पैसे घेतले, गेला. मग संध्याकाळी परत आला, होडीत जाऊन बसला, आणि भरतीचं पाणी लागेपर्यंत बसून होता. एक शब्द बोलला नाही."

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. त्या माणसाने पाहिलं असेल असं मला कधी वाटलंच नाही.

"मग आबा मला का नाही बोलले?" मी विचारलं.

"मीही हेच विचारलं. म्हणाले, 'त्याला वाटतंय मना ठावं नाय. ऱ्हाव दे.'"

आतून विहीणबाई चहा घेऊन आल्या, माझ्याकडे बघून कप खाली ठेवून परत गेल्या. टीव्हीवर तो व्यापारी अजून धक्क्यावर उभा होता, पाय बदलत. व्याह्यांनी त्याच्याकडे बघतच मला विचारलं, "पत्रात आबांच्या होडीचं आणखी एक पान जोडू का हो? तुमचं नाव घालत नाही." मी म्हटलं, जोडा. भाव केला नाही.

येताना मी किहीमला गाडी थांबवली. ज्याने होडी घेतली तो आता नाही, हे मला ऐकून माहीत होतं. वाळूवर नव्या फायबरच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या, मागे नारळीच्या झाडांत बंगल्यांच्या भिंती आल्या आहेत. एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. मी त्याला होडी सांगितली, माणूस सांगितला, साल सांगितलं. त्याने मान वरसुद्धा केली नाही. "आता कुठं आठवतंय," म्हणाला. मी बरं म्हटलं, गाडीपर्यंत आलो, दार उघडलं. मग दार लावलं आणि वाळूतून परत त्याच्याकडे चालत गेलो.